पाटावर बसवलेली झुंबर

झुंबरचं नाव काढलं की जळोचीतल्या बाया हात जोडत्यात. मी न्हाय जोडत. मी तिची थोरली जाऊ, ठमाबाई. जिच्यासंगं एका चुलीवर भाकरी थापल्या, तिला हात कसलं जोडायचं? आन खरं सांगते, मला तिचा लई हेवा वाटायचा. वाटायचा काय, अजून वाटतो. जावा जावा उभा दावा, हे काय मी नवीन सांगत न्हाय.

मी या घरात आले तवा बाईमानूस म्हनून एकच, माझी सासू धोंडाबाई, आमच्या आत्याबाई. माह्यारी नरसिंगपुरात मी लाडाची, पर हितं आल्यावर कालव्याच्या पान्याला दारं धरायला शिकले, मिरच्या खुडल्या, गवार तोडली, डोईवर पाटी घेऊन बारामतीचा बाजार केला. आत्याबाईंनी एकदा म्हनून "ठमे, बरं केलंस" म्हनलं न्हाय. मला वाटायचं, जीभच कडू हाय, त्याला त्या तरी काय करनार? मग सावळाराम भावजींचं लगीन झालं, शेळगावची झुंबर धाकली सून म्हनून आली, आन मला कळलं, की जीभ काय कडू नव्हती. जिभेवर गूळ व्हता. तो धाकलीसाठी राखून ठेवला व्हता.

दिसायला ती काय रंभा नव्हती. नाक बसकं, अंगानं किरकोळ. पर हाताला गुन. एकाच वाफ्यात एक सरी मी लावली, एक तिनं. तेच शेनखत, तेच पानी. तिची वांगी काळीभोर, तेल लावल्यावानी चकाकायची. माझी आपली जशी असत्यात तशी. बाजारात गिऱ्हाईक माझ्या पाटीवरनं वलांडून तिच्या पाटीपशी वाकायचं. घरी पावना आला की आत्याबाई ताटात भाजी वाढत सांगायच्या, "आमच्या धाकलीच्या हातची वांगी हायत ही." भाजी मी केलेली असायची. त्याचं नाव नको कुनाला.

आन ती वर साळसूद. "जाऊबाई, तुमी शिकिवलं म्हनून जमलं," म्हनायची. मेलं, असं कोन बोललं की भांडायची सोयच ऱ्हात न्हाय. मी आतल्या आत धुमसायची आन चुलीत फुकनी जोरात मारायची.

कांग्रेसचं मंत्री झाले, त्याच्या फुडल्या सालची गोष्ट. शिमगा जवळ आला व्हता. वांगी खुडताना देठाचा काटा झुंबरच्या तळहातात घुसला. असलं आमाला रोजचं. पर तिचा हात सुजला, मनगटापासनं काखेपोतर लाल रेघ उठली, अंग तापलं. सावळाराम भावजींनी गाडी जुंपली आन तिला बारामतीला डाक्तर आप्पासाहेबाकडं नेलं. तरना डाक्तर, नुकताच दवाखाना घातलेला. त्यानं नव्या तऱ्हेच्या लाल विलायती गोळ्या दिल्या. लघवी लाल व्हईल, भ्यायचं न्हाय, पुडी संपंपोतर घ्यायच्या, असं बजावलं.

माझ्या पायात विळा गेला व्हता तवा काय झालं व्हतं? हळद दाबली, चिंधी गुंडाळली आन दुसऱ्या दिशी बाजार केला. आन हिच्या वांग्याच्या काट्याला विलायतेची गोळी! आत्याबाई सोता तांब्या घेऊन उभ्या. "घे माझे बाय, गीळ." मी कोनाड्यातल्या त्या पुडीकडं बघत भाकरी थापायची. एक गोळी उगं खाऊन बघावी असंबी मनात आलं व्हतं. न्हाय खाल्ली ते नशीब माझं.

हात उतरला. लाल रेघ गेली. ती परत वाफ्यात यायला लागली, पर गोळ्या चालूच व्हत्या. मला बरं वाटलं का? अर्धं वाटलं.

पाडवा झाला आन तिला परत ताप भरला. डोळं लाल, उघडता येईनात. व्हट फुटले, तोंडात आतनं सगळं सोललं, पानी गिळताना ती भिताडाला डोकं लावायची. मग छातीवर लाल ठिपके, ठिपक्यांचे फोड, आन फोडांचं एकच झालं. मी तिला उठवून बसवाय दंड धरला तर कातडी माझ्या बोटांना चिकटून आली. अगं आई गं! मी बोटं लुगड्याला पुसली आन मोरीत जाऊन वकले. त्या घटकेला मात्र माझ्या मनात हेवा-बिवा काय नव्हता. नुसतं भ्या.

आत्याबाईंनी दारातनं बघितलं आन हात जोडले. "देवी आल्या," म्हनल्या.

"आत्याबाई, हिच्या दंडावर देवी काढल्याचा वन हाय की," मी म्हनले. "सरकारी मानूस शेळगावात आला तवा टोचून घेतलं व्हतं. तिनंच दाखिवला व्हता मला."

"म्हनूनच आई कोपली. टोचून घेत्यात व्हय आईला?"

झालं. आमच्याकडं देवी आल्या की घराचं देऊळ व्हतं. दारावर लिंबाचा डहाळा, घरात फोडनी न्हाय, डोक्याला फनी न्हाय, पायतान उंबऱ्याच्या आत न्हाय. औशीद तर नावाला न्हाय. घरात देवी असताना औशीद देनं म्हंजी देवीवर हात उचलनं. आत्याबाईंनी लाल गोळ्यांची उरलेली पुडी उकिरड्यात फेकली. सावळाराम भावजी डाक्तरला बोलवू म्हनाले तर त्यांच्यावर खेकसल्या, "बायकू हवी का न्हाय तुला?" भावजी मऊ मानूस. गोठ्यात जाऊन बसले.

झुंबरला पल्याडच्या खोलीत नेलं. तिथली खिडकी पोत्यानं बुजवली, वाईट सावली पडाय नको म्हनून. दार लोटलेलं. आन धुपाटण्यात सकाळपासनं दिवस मावळंपोतर ऊद. धूर कोंडून खोली काळी झाली. तिला भिताडाला टेकवून पाटावर बसवलं, कारन देवी झोपत नसती म्हने. अंगाखाली लिंबाचा पाला. आन तिला आता झुंबर म्हनायचं न्हाय, आई म्हनायचं.

आमच्या आत्याबाई, ज्यांनी मला इतक्या वर्सांत ठमेशिवाय हाक मारली न्हाय, त्या धाकल्या सुनंम्होरं पदर पसरून "आई, सांभाळ गं" म्हनत व्हत्या. मी दारात घागर घेऊन उभी. माझ्या छातीत अशी कळ आली की काय सांगू! फोड तिला आले आन आग माझी झाली.

गावातल्या बाया यायला लागल्या. वटी, नारळ, दहीभात. सगळ्यांचं पाय धुवायला पानी कोन वढनार? मी. दहीभात कोन कालवनार? मी. माझ्याकडं बघत कोन न्हवतं, सगळ्या खोलीत घुसायच्या आन डोळं पुसत बाहीर यायच्या. "काय तेज हाय!" म्हनायच्या. तोंडावरची कातडी गेली व्हती तिच्या, तेज कसलं!

मग तिचा दम वाजाय लागला. आधी बारीक, मग भात्यासारखा. हुं हुं करून खांदं वर जायचं, मान मागं पडायची, परत फुडं यायची. द्वारकाबाई, आमच्या शेजारची, पैल्यांदा किंचाळली, "अंगात आली! बाई, घुमाय लागली!" सगळ्या बाया गुडघ्यावर. आत्याबाईंनी धुपाटण्यात आनखी मूठभर ऊद टाकला. धूर वाढला तसं घुमनं वाढलं. घुमनं वाढलं म्हनून परत ऊद. मग कौल लावनं सुरू झालं. द्वारकाबाईनं इचारलं, "आई, माझा नातू कदी चालायला लागंल?" तेवढ्यात झुंबरची मान फुडं पडली. "व्हय म्हनली! आई व्हय म्हनली!" द्वारकाबाई रडाय लागली. लगेच दुसरी सरकली, म्हशीचं इचारायला.

आता मात्र माझं पित्त खवळलं. कातडी गेली, डोळं सुजलं, ते मी सोता बघितलं व्हतं, ते खोटं न्हवतं. पर अंगात येनं? काल-परवापोतर उंदराला भिनारी ही, आन हिच्यात देवी शिरली? नरसिंगपुरात जत्रंला मी घुमनाऱ्या बाया ढीग बघितल्या हायत. मला वाटलं, एवढ्या बाया पाया पडत्यात तर हिला गोडी लागली. कुरवाळून घेतीया. म्हनलं, थांब, तुझं सोंग बाहीर काढते. बायांना मागं सारून मी तिच्या अगदी म्होरं जाऊन बसले, नाकाला नाक लागंल अशी, आन टक लावून बघाय लागले.

त्या खोलीत तिच्याकडं असं बघनारी मी एकटीच. बाकीच्यांची डोकी भुईला.

घुमनारी बाई कशी घुमती, ते मला ठावं हाय. ती दम बाहीर टाकती, आवाज पोटातनं येतो, हात मोकळं असत्यात, अंग झुलतं. हिचं उलटं चाललं व्हतं. ही दम आत वढाय बघत व्हती आन तो आत जात नव्हता. दर खेपंला गळ्याखालचा खळगा आत खचायचा, बरगड्या मोजून घ्याव्या अशा दिसायच्या. नखं बघितली तर जांभळी. मधीच घशात काय तरी फडफडायचं, दार अडकल्यासारखं. आन तिचा एक डोळा चिरीएवढा उघडला. त्या डोळ्यात देवी-बिवी कोन न्हवतं. त्यात आमची झुंबर व्हती आन ती बुडत व्हती. तिनं सोललेल्या बोटांनी माझ्या लुगड्याचा काठ धरला.

माझं डोकं फिरलं. मी धुपाटणं उचललं आन तसंच अंगनात भिरकावलं. निखारं दारात सांडलं. खिडकीतलं पोतं वढून काढलं. बाया वरडाय लागल्या. आत्याबाईंनी माझा आंबाडा धरला.

"अगं कैदाशिने! देवीचं ठानं मोडलंस! निर्वंश व्हईल तुझा!"

"व्हऊ द्या! ती मरतीया, दिसत न्हाय व्हय तुमाला? दम आत जात न्हाय तिचा!"

"आई हाय ती!"

"आई असंल तर मरायची न्हाय. झुंबर असंल तर मरंल. सोडा मला!"

मी हिसडा दिला. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या नाकातोंडात वार अडकली की आमी काय करतो? उलटं धरून पाठीवर थापटतो. मला तेवढंच येत व्हतं. मी तिला मांडीवर पालथी घेतली, डोकं खाली, आन पाठीवर जिथं कातडी शाबूत व्हती तिथं थापट्या दिल्या. तिच्या तोंडातनं रगताळलेला फेस आला, आन मग एक लांबुळका पांढरा पापुद्रा. अंड्याच्या कवचाला आतनं असतो तसा, पर नळीवानी गोल. तो पडला आन तिनं एक दम घेतला. खोल, किंकाळीसारखा. मग दुसरा.

बाया एक एक करून निघून गेल्या. आता कोन कोन म्हनतं, ठमाबाईनं जाऊ वाचवली. मी कशाला वाचवाय जाते! मी तिला पकडाय गेले व्हते. सापडलं भलतंच.

भावजी मात्र त्या दिशी पैल्यांदा आईला न इचारता घराबाहीर पडले. डाक्तर आप्पासाहेब सायकलीवर आला. त्यानं झुंबरला बघितलं, तिच्या छातीला नळी लावली, मी थाळीत ठेवलेला पापुद्रा चिमट्यानं उचलून उजेडात धरला. मग मला म्हनला, "बाई, अंगावरची कातडी सुटली ना, तशीच आतलीही सुटली आहे. घशापासून छातीत ज्या नळ्या जातात त्यांना आतून असंच अस्तर असतं. ते सुटून नळीत अडकतं. मग हवा जायची कुठून?"

"आन देवी?" आत्याबाईंनी इचारलं.

"आजी, या देवी नाहीत. माझ्या गोळ्या हिच्या अंगाला सोसल्या नाहीत. पुष्कळांना सोसतात, एखाद्याला नाही. असं होतं हे मी वाचलं होतं. बघतोय पहिल्यांदा." त्याचा चेहरा पांढरा पडला व्हता. गोळ्या कवा थांबवल्या ते त्यानं इचारलं. फोड आल्या-आल्या उकिरड्यात टाकल्या म्हनल्यावर म्हनला, "तेवढं एक फार चांगलं केलंत." आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की बघ, देवीनंच ते करवून घेतलं. पर डाक्तरनं आपली चूक आपल्या तोंडानं सांगितली, म्हनून मी त्याला मानते. असं सांगनारा मानूस मी तरी दुसरा बघितला न्हाय.

मग सुरू झालं माझं. तिला टेकून बसती ठेवायची, अंगाखाली केळीची पानं, म्हंजी चिकटायचं न्हाय. उकळून गार केलेल्या मिठाच्या पान्यानं अंग धुवायचं. कफ दाटला की पालथी घेऊन थापटायचं. तिला मदी निमोनिया झाला, पिवळा पू पडायचा, तो मी वाडग्यात धरायची. आत्याबाई हात लावत न्हवत्या, त्यांना अजून भ्या व्हतं. घान सगळी माझ्याकडं आन मान सगळा तिच्याकडं. बाया आता दारातनंच हात जोडून जायच्या. मी वाडगं घेऊन बाहीर आले की नाकाला पदर लावायच्या.

झुंबर जगली. कातडी परत आली, कुठं गोरी, कुठं काळी, चितळावानी. नखं आली. डोळं उन्हात खुपायचं तेवढं ऱ्हायलं. आत्याबाईंनी देवीची बोळवन केली, लिंबाच्या पान्यानं तिला न्हाऊ घातलं. सगळे म्हनाले, गेलं संकट. पर तिचा दम काय परत आला न्हाय.

वाफ्याच्या या टोकापासनं त्या टोकापोतर गेली की ती थांबायची. हीरीवरनं घागर आनायची तर वाटंत ती खाली ठेवायची. छातीत शिट्टी वाजायची, दुसऱ्या खोलीत ऐकू यावी अशी. मला वाटायचं, आता तर कातडीबी आली, मग हिला झालंय काय? कामचुकारपना! एकदा मीच भावजींना म्हनले, हिला डाक्तरला दाखवा, म्हंजी तोच काय ते सांगंल. मी सोता संगं गेले, कान टवकारून ऐकायला.

डाक्तरनं बराच येळ छाती ऐकली. म्हनला, "आत ज्या अगदी बारीक नळ्या असतात, त्या जखम भरताना चिकटून बंद झाल्या आहेत. त्या आता उघडत नसतात. जेवढी जागा उरलीय तेवढ्यावर हिनं जगायचं." मग माझ्याकडं वळला. "चुलीपुढं बसवू नका. धूर नको, धूळ नको. तसल्या कोंडलेल्या धुरात हिला परत कुणी बसवलं, तर मग मला बोलावू नका, बाई. माझ्या हातात काही राहणार नाही."

म्हंजी चूल कायमची माझ्या गळ्यात. आन ती अंगनात बसून वांगी निवडनार, जुड्या बांधनार. गुनाचा हात तो गुनाचाच, तिनं रचलेली पाटी आधी खपायची. पाटी डोईवर घेऊन जानारी मी, आन नाव तिचं.

कवा मवा ती माझ्यासंगं बारामतीला यायची, कालव्याच्या पुलावर दम खायला टेकायची. तिथं बाया गाठायच्या. "शिट्टी ऐकली का? देवी अजून हाय हिच्यात." कुंकू लावायच्या, नारळ ठेवायच्या. ती "नको वो बाई" म्हनाय जायची, तेवढा बोलायला दम न्हाय. मी शेजारी डोईवर वझं घेऊन उभी. मला कोन "वझं उतरू लागू का" म्हनलं न्हाय. आता सांगा, जीव जळंल का न्हाय?

यंदाचा चैत आला आन आत्याबाईंनी ठरवलं, देवीचा पाट परत मांडायचा. झुंबरला बसवायचं, मंगळवारी, त्याच खोलीत. साऱ्या जळोचीला आवातनं गेलं. आमच्या मालकांना वाटलं, घराला मान हाय. भावजी "डाक्तर म्हनला व्हता..." एवढंच बोलले. आत्याबाई म्हनल्या, "डाक्तरनं जगवली का देवीनं?" भावजी परत गोठ्यात.

मी आन झुंबर वांगी निवडत बसलो व्हतो. ती खाली बघून म्हनली, "जाऊबाई, त्या खोलीत मी मरंल."

"मग सांग की आत्याबाईंना तसं."

"सांगितलं. त्या म्हनल्या, आई आपल्या भक्ताला मारत नसती. न्हाय म्हनलं तर ह्यांना काय तरी व्हईल म्हनल्या." इतकं बोलाय तिला तीनदा थांबावं लागलं.

"मला कशाला सांगतीस?" मी म्हनले. "बस की! मान तुझाच हाय. माझ्या नशिबी कुठला आलाय पाट?"

तिनं एक किडकं वांगं बाजूला टाकलं आन फुडचं घेतलं. मला तिचा असा राग आला, की भांड की जरा! वरड, कर दंगा! पर वरडायला लागतो तो दमच न्हवता तिच्याकडं. माझ्याकडं व्हता. माझ्याकडं नुसता तेवढाच व्हता.

मंगळवारी खोली गच्च भरली. खिडकीत पोतं. पाटावर झुंबर, हिरवं लुगडं, मळवट भरलेला. आत्याबाईंनी धुपाटण्यात ऊद टाकला. धूर उठला. तिनं पदर नाकाला लावला, तो द्वारकाबाईनं हळूच काढला, "आई, तोंड दिसू दे." शिट्टी वाजाय लागली. मग खांदं वर. "आली, आली!" बाया हलकल्लोळ कराय लागल्या. झुंबर भिताड धरून उठाय गेली, तर दोघींनी भक्तिभावानं तिला खाली बसवलं.

मला ठावं व्हतं, आता मी धुपाटणं फेकलं तर मालकच मला धरून बाहीर घालतील. माझं कोन ऐकनार? त्या घरात ठमीचं आजपोतर कुनी ऐकलं व्हतं का? मग मी आंबाडा सोडला. कपाळावर मूठभर कुंकू फासलं, आन जी आरोळी ठोकली, ती कालव्यापल्याड गेली असंल.

"मी हितं हाय! हितं!"

सगळ्या फिरल्या. मी घुमाय लागले. नरसिंगपुरात बघितलेलं सगळं आठवून आठवून घुमले. बाया वाट करून देत मागं सरल्या. मी पाटापशी गेले, झुंबरला दंडाला धरून उठवलं आन दाराकडं ढकललं. "ही माझी झाली! हिला उघड्यावर ठेवा! हिच्या म्होरं धूर करशील, धोंडे, तर या घरात बाई ऱ्हायची न्हाय! पाट ह्या थोरलीचा!" आन मी पाटावर बसले.

धोंडे म्हनले मी, सासूला! मजा वाटली. तोंडात आलं व्हतं की थोरलीला बरं लुगडं घे म्हनून सांगावं, पर तेवढं काय सुचंना. आत्याबाई फुडं आल्या आन त्यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. "चुकले, आई," म्हनल्या.

ज्या डोक्यासाठी मी इतकी वर्सं जळत व्हते, ते माझ्या पायावर व्हतं. मी खाली बघितलं. त्यांनी डोळं गच्च मिटलं व्हतं. द्वारकाबाईनंबी मिटलं व्हतं. म्हशीचं इचारनारीनंबी. धुरानं माझा घसा आवळला, मला खोकला आला, तर त्या म्हनल्या, "बघा, आई हसली." कुनाला काय व्हतंय, कोन बसलंय, कुनी बघायलाच तयार न्हवतं. एवढं मोठं सुख म्हनून ज्याचा मी हेवा केला, ते हेच व्हतं व्हय?

मी बसले. आरती व्हईपोतर बसावं लागलं. डोळ्यांची आग, छातीत धूर, आन मी घुमतीच.

बाया गेल्यावर मी कशीबशी अंगनात आले. झुंबर लिंबाखाली बसली व्हती. ती उठली, भिताड धरून माझ्यापशी आली, एवढ्याशा चालन्यानं तिची शिट्टी वाजत व्हती. तिनं तांब्यातलं पानी माझ्या डोळ्यांवर मारलं, पाठीवर हात ठेवला आन थांबत थांबत इचारलं, "जाऊबाई... लई दम... लागला का वो?"

"मला काय धाड भरलीया," मी म्हनले, आन तिथंच बसून ढसाढसा रडले. इतक्या बायांत हे इचारनारी ती एकटीच निघाली.